हाताच्या मापाची यादी

पलूस, रविवार, ५ जानेवारी २०२५

मालन फुप्पीस इमामचा सलाम.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. अरिबा वाचून दाखवील. अरिबा, तुझी दादी मध्येच "बंद कर" म्हणाली तरी हे पान पुरं कर, कामाचं खाली आहे.

आधी एक स्वप्न सांगतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. हल्ली ऊसतोड चालू आहे, पाचटाची काजळी पिसासारखी तरंगत दारातून आत येते, आणि उन्हाचा पट्टा बांगड्यांच्या माळांमधून जाताना हिरवा, लाल, मग मधासारखा होऊन फरशीवर सरकत राहतो. त्याच्याकडे बघताबघता मला डुलकी लागते. मग मी एका लांब गल्लीतून चालत असतो. दोन्ही बाजूंना अर्धी उघडी दारं, आणि प्रत्येक दारातून मनगटापर्यंत एक हात बाहेर आलेला. तोंड कुणाचंच दिसत नाही. मी हात मोजत जातो. पुढं कुणीतरी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन पाठमोरं चाललेलं असतं. मी "आजोबा" म्हणून हाक मारतो. मान वळत नाही. गल्ली संपायच्या आत जाग येते.

आता काम. शनिवारी, २५ जानेवारीला, मतदार दिनाचं निमित्त धरून पलूसला आमदार चेलनाबाई शेडबाळे यांच्या नावाचा दगड बसतोय. काळा बेसॉल्ट, तीन फूट दोन इंच बाय दोन फूट. मजकूर माझा. समितीत तीन पदवीधर आहेत, तरी मजकूर सातवी शिकलेल्या इमाम मणेरचा. तू अब्बांची बहीण, तू यावंस.

अरिबा, हे तुझ्यासाठी. चेलनाबाई १९५२ साली आमच्या भागातून विधानसभेत गेल्या. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, दक्षिण सातारा होता, लोक हे नेहमी चुकवतात. त्या वेळच्या मतदारयादीत शेकडो बायका "अमक्याची बायको", "तमक्याची आई" अशाच लिहिल्या होत्या. दारात आलेल्या परक्या माणसाला बाईनं स्वतःचं नाव सांगायचं नाही, अशी घराघरातली रीत. नाव नाही म्हणून मत नाही. चेलनाबाईंनी ती यादी सभागृहात मोठ्यानं वाचली. सगळे आधी हसले, मग हसायचे थांबले. आणि १९५६ च्या हिवाळ्यात त्या स्वतः गावोगाव फिरल्या आणि तीनशे बारा बायकांची नावं नोंदवून आणली. ती मिळाली आपल्या घरामुळं. बाई आपलं नाव कुणाला सांगत नसली तरी बांगड्या भरणाऱ्याला सांगते, कारण तिचा हात त्याच्या हातात असतो. हे सगळं माझ्या पुस्तकात आहे, पान ३१ ते ४४.

आठ वर्षांपूर्वी त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला जे झालं ते मी काढत नाही. तूही काढू नयेस.

इमाम


पलूस, शुक्रवार, १० जानेवारी

फुप्पीस सलाम.

अरिबाचा मेसेज पोचला. "दादी म्हणतात, दगड बसव न्हाईतर डोंगर बसव. खाली कुणाचं नाव घातलंईस ते आदी सांग."

लपवत नाही. शेवटची ओळ अशी आहे: "या कामी पलूसचे बांगडीवाले दस्तगीर मणेर यांचे मोलाचे साहाय्य झाले." आजोबांचं नाव माझ्या मनातून आलेलं नाही. १९५७ च्या साप्ताहिकाचं कात्रण माझ्याकडं आहे, त्यात ते छापलंय. बांगड्या गुंडाळायला तू जुने पेपर आणायचीस, त्यांच्यावरच मी वाचायला शिकलो. छापलेल्या अक्षराचं मोल मला कुणी सांगू नये.

पण दुसरी गोष्ट ऐक. चेलनाबाईंची नात ब्राह्मी सांगलीला विश्रामबागेत राहते. घर बदलताना तिला ट्रंकेत एक वही सापडली, ती घेऊन बुधवारी दुकानात आली. म्हणाली, "काका, ही आजीची नावांची यादी आहे. पण क्रम लागत नाही. ना घरांप्रमाणे, ना गावांप्रमाणे, ना अक्षरांप्रमाणे. कॉलेजातल्या दोघा सरांना दाखवली. ते म्हणाले, मनाला येईल तसं लिहिलंय."

मी म्हटलं, "चेलनाबाई मनाला येईल तसं लिहिणाऱ्यातल्या नव्हत्या."

वही काउंटरवर ठेवली. जांभळी शाई, अक्षर एकसारखं. आमणापूरच्या बाईखाली बुर्लीची, तिच्याखाली कुंडलची. पानाच्या कोपऱ्यात बारीक खूण: २।. पाच पानांपुढं २॥. आणखी पुढं २॥।. ब्राह्मीला ते काहीतरी गणित वाटलं होतं. मी उभ्याउभ्या हसलो. "पोरी, हे सव्वादोन, अडीच, पावणेतीन. बांगडीची मापं आहेत. यादी हातांच्या मापांप्रमाणं लावलीय. बांगडीवाल्याला बाई अशीच आठवते, आधी मनगट, मग नाव."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, पण मी चष्मा पुसला. दोन प्राध्यापकांना जे उमगलं नव्हतं ते या माणसानं अर्ध्या मिनिटात सांगितलं, आणि आजोबांच्या तोंडून उतरवलेली यादी आपल्या दुकानात परत आली.

एकच गोष्ट खटकते. शेवटच्या चार पानांवर कोपऱ्यात माप नाही. एक्केचाळीस नावं तशीच. जैन असल्यानं दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून घाईत चेलनाबाई विसरल्या असाव्यात.

इमाम


पलूस, मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

फुप्पी,

तुझा निरोप अरिबानं जसाच्या तसा पाठवला. मी तो पाचदा वाचला. "इसरल्या व्हय? त्याला म्हणावं, बांगडीवाल्याचा नातू हायस. बिनमापाची बाई कोण असती ते इचार की तुज्या पुस्तकाला."

दोन दिवस मी रागात होतो. आज सकाळपासून दुकानात उभं राहायला जागा नव्हती. हात पुढं येत होते, मी भरत होतो. दुपारी एक बाई सुनेला घेऊन आली. सून आत बसली. सासू पायरीवरच थांबली, दोन्ही हात पदराखाली. पंचवीस वर्षं ती अशी पायरीवर थांबते. मी तिच्या तीन सुनांची मापं सांगू शकतो. तिचं नाव मला ठाऊक नाही.

माझ्या हातातली बांगडी तिथंच फुटली. सून म्हणाली, "काका, लागलं का?"

बिनमापाची बाई म्हणजे जिच्या हातात बांगडी नाही ती. एक्केचाळीस विधवा. बांगडीवाला विधवेच्या दारात पाय ठेवत नाही. आजोबांनी ठेवला नाही, अब्बांनी नाही, मी नाही. तू म्हणशील, नवरा जिवंत होता तेव्हाची नावं आजोबांना ठाऊक असतील. तेही मी धरून बघितलं, वही काढून एकेक नाव तपासलं. एक्केचाळीसपैकी अकराजणींच्या पुढं चेलनाबाईंनी लिहिलंय, "विधवा होऊन माहेरी आली." त्यांची लग्नं लहानपणीच दूरच्या गावांत झालेली, नावंही तिकडंच बदललेली. मोठेपणी त्यांच्या मनगटाला आजोबांचा हात कधी लागलाच नसणार.

तेव्हा, फुप्पी, आता ते लिहितो जे काढणार नाही म्हटलं होतं.

२९ जानेवारी २०१७. मंगल कार्यालय. मी भाषणात म्हणालो, आमचे आजोबा दस्तगीर चेलनाबाईंबरोबर गावोगाव फिरले. तू बायकांच्या रांगेतून उभी राहिलीस. "इमाम, माजा बाप दुकानात बसून बिड्या वडत हुता. फिरली ती माजी आई, अख्तरबी. मी आठ वर्सांची हुते, संगं हुते. कुणाचा नवरा मेला की बायका तिच्या बांगड्या दगडानं फोडायला बगायच्या, हात रगताळायचे. आई आदी जाऊन बसायची, तेल लावायची, एकेक बांगडी सबूत काढायची. मग म्हैनाभर त्या हाताला तेल लावायला जायची, माहेरी परत आल्यालींच्या बी. म्हणून तिला समद्यांची नावं."

आणि मी माइक हातात घेऊन म्हणालो, "फुप्पीचं वय झालंय. या वयात माणसाला आठवण आणि स्वप्न वेगळं करता येत नाही. मला कागद लागतो." लोक हसले. तू पदर सावरून निघालीस, आणि संध्याकाळच्या गाडीनं फलटणला मुलाकडं गेलीस.

जिनं मला आईच्या माघारी वाढवलं, जी स्वतः विधवा होऊन माहेरी आली होती आणि बांगड्यांच्या घरात तीस वर्षं रिकाम्या हातांनी वावरली, तिला मी कागद मागितला.

आज दुपारी पुन्हा डोळा लागला. गल्ली तीच. पाटीवाली व्यक्ती पुढं. या वेळी मी हाक मारली नाही. तिच्या एका हाताला एक लहान पोरगी होती, दुसऱ्या हातात तेलाची वाटी, आणि ती वाटी सांडू नये म्हणून दोघी अगदी सावकाश चालल्या होत्या.

माफी मागतो.

इमाम


पलूस, रविवार, १९ जानेवारी

फुप्पीस सलाम.

अरिबानं लिहिलं, "दादींनी पत्र ऐकून डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, पत्रात कोण बी माफी मागतं. माइकवर बोलला हुता, माइकवरच गिळ म्हणावं."

कबूल. पण त्याआधी दगडाचं सांगायला हवं. दगड कोरून तयार होता. गुरुवारी मी समितीचे अध्यक्ष वीरधवल यांच्याकडं गेलो. अंगणात चहा पीत बसले होते. म्हटलं, "शेवटची ओळ बदलायची आहे. दस्तगीर नाही, अख्तरबी."

"आता? आवं, नऊ दिवस राहिल्यात."

"चूक आहे."

"चूक काय त्यात? आजा काय न् आजी काय, घर एकच की. दस्तगीर मणेर म्हटलं की त्यात तुमची आजी आलीच."

"वीरधवलराव," मी म्हटलं, "चेलनाबाई जन्मभर ह्याच वाक्याशी भांडल्या. त्यांच्याच दगडावर ते कोरायचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग हसले. "लय किचकट माणूस हायसा तुम्ही. आणि तुमच्या पुस्तकाचं काय? पान एकतीस ते चव्वेचाळीस? तोंडपाठ झाल्यात आमाला, इतक्यांदा सांगितलंसा."

"ती पानं खोटी आहेत."

"असं माइकवर म्हणणार?"

"म्हणणार."

"मग लोक म्हणतील, एवढा काटेकोर माणूस, घरातलीच म्हातारी खरं सांगत हुती ती ऐकली न्हाई."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

हे तुला लिहिताना सोपं वाटतंय. त्यांच्या अंगणात ते वाक्य तोंडातून बाहेर यायला फार वेळ लागला. माझ्याकडं पदवी नाही, फुप्पी. चूक करत नाही, एवढीच माझी या गावात ओळख होती.

कोरलेलं अक्षर दगडावरून पुसता येत नाही. पाथरवटानं सगळा दर्शनी भागच पाव इंच उतरवला. शुक्रवारी मी दिवसभर त्याच्या शेजारी बसून होतो. आजोबांचं नाव हळूहळू उथळ होत गेलं, मग नुसती सावली उरली, मग सपाट काळा दगड. सकाळी काम सुरू झालं तेव्हा धुकं कृष्णेकडून वर येत होतं, दगडाची भुकटी त्यात मिसळत होती. आजोबांची माफी मी मनात मागितली. ते बिडी ओढत हसले असतील.

आता ओळ अशी आहे: "ही नावे अख्तरबी मणेर यांनी मिळवून दिली."

तू येशील का? सकाळी अकराला कार्यक्रम आहे. गाडी पाठवतो. फलटणहून अडीच-तीन तास लागतील, साडेसातला निघालं की पुरे.

इमाम


पलूस, सोमवार, २७ जानेवारी

फुप्पी,

गाडी नको म्हणालीस आणि अरिबाबरोबर एस.टी.नं आलीस. मंडपात शेवटच्या ओळीत बसलीस. मी तुला बघितलं तेव्हा माझ्या हातातला कागद उलटा होता, हे ब्राह्मीनं मला नंतर सांगितलं.

जे झालं ते तू बघितलंस. तरी लिहितो, कारण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही.

माइकवर गेलो. म्हणालो, आठ वर्षांपूर्वी मी एका कात्रणाच्या जोरावर माझ्या फुप्पीला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. ती खरी होती, मी चूक होतो. पुस्तकाची पानं ३१ ते ४४ रद्द. मंडपात कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, त्याची तयारी करून गेलो होतो. ते न हसणंच जास्त जड गेलं.

मग वहीबद्दल बोललो. मापांचं सांगितलं तेव्हा बायका आपापल्या हातांकडं बघायला लागल्या. शेवटच्या एक्केचाळीस नावांपाशी आलो आणि म्हणालो, "या विधवांची नावं माझ्या आजीला पाठ होती. तिनं ती चेलनाबाईंना सांगितली आणि त्यांना मत मिळालं."

"गप रं! चुकतूयस!"

चारशे माणसांनी मागं वळून बघितलं. तू उभी होतीस. अरिबा तुझा पदर ओढत होती, तू तिचा हात झटकलास.

"पाठ हुती म्हणून सांगितली व्हय? आशी कशी सांगंल? त्यांनी विश्वासानं सांगितल्याली नावं. चेलनाताई म्हणाली, अख्तरबी, सांग की गं, सरकारात लिवायची हायती. आई म्हणाली, आदी मी इचारून येते. परत समद्या दारांत गेली, मी संगं. बिनबांगडीच्या बायांची चव्वेचाळीस घरं. एकेकीला इचारलं, तुजं नाव देऊ का? मत तुजं ऱ्हाईल, पर नाव बी गावात हुईल. हो म्हणली तिचंच दिलं. सव्वादोनवाल्या, अडीचवाल्या, त्यांनला बी इचारलं. त्या चव्वेचाळिसांतल्या तिघी न्हाई म्हणाल्या. तिघींची न्हाई दिली."

मंडपाच्या कापडातून ऊन पाझरत होतं, सगळ्यांच्या तोंडावर पिवळं. मला क्षणभर ते स्वप्नच वाटलं: तू, मंडप, दगडावर झाकलेलं कापड. खिशातून पेन काढलं आणि माइकवरच विचारलं, "फुप्पी, चव्वेचाळीस?"

"चव्वेचाळीस."

"आणि त्या तिघी कोण?"

तू माझ्याकडं बघितलंस. आठ वर्षांत पहिल्यांदा. "म्हाईत हायती मला," म्हणालीस. "पर त्या न्हाई म्हणाल्या न्हवं? मग?"

आणि खाली बसलीस.

पुढचं तुला ठाऊक आहे. कापड ओढलं, टाळ्या झाल्या. वीरधवलरावांनी तुला पुढं बोलावलं, तू आली नाहीस. मी गर्दीतून तुझ्यापर्यंत पोचलो तोवर तू रिक्षात बसली होतीस. अरिबा म्हणाली, "काका, शेवटची एस.टी. चुकेल." साडेबाराला शेवटची एस.टी. नसते, एवढं मला कळतं.

पण तू माझ्याशी बोललीस. मी मोजली आहेत, वाक्यं एकोणीस.

आता पुस्तकाची ती चौदा पानं नव्यानं लिहायची आहेत. कात्रण मी काढून ठेवलं, फेकलं नाही, चुकीचा कागदही जपावा लागतो. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. गुरुवारी दुकान बंद ठेवतो. फलटणला दहा वाजता पोचेन, दारात थांबेन. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव.

तिघींबद्दल एवढंच लिहीन: "तिघींनी नाही म्हटलं." त्यांची गावं, त्यांची वयं, त्या का नको म्हणाल्या, तुला सगळं ठाऊक असेल. मी विचारणार नाही. पहिल्यांदाच माझ्या पुस्तकात अशी जागा राहील जिथली माहिती मिळण्यासारखी होती आणि मी ती घेतली नाही. ती जागा कोरीच छापायला सांगणार आहे. छापखानेवाला विचारील, इथं काही राहिलंय का. त्याला म्हणेन, नाही, हे असंच आहे.

तुझा,
इमाम